बालहृदयाचे मोजमाप : एकाच्या तपासणीतून अनेकांचे हित

आईच्या उदरातच हृदयाच्या रचनेत राहिलेल्या दोषास जन्मजात हृदयविकार म्हणतात. दर हजार जन्मांमागे सुमारे ८ ते १० बालकांत तो आढळतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्मास येतात आणि त्यांपैकी अंदाजे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच उपचारांची गरज भासते. पडद्यातील लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. उलट, निळ्या पडणाऱ्या बाळाच्या बाबतीत विलंब जिवावर बेतू शकतो. कोणी थांबावे आणि कोणास तातडीने न्यावे, हे ठरविण्याचे प्रमुख साधन म्हणजे हृदयाची प्रतिमा होय.

ध्वनीने काढलेले चित्र

स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी, धातूतील दोष शोधण्याचे यंत्र जहाजबांधणीच्या कारखान्यातून मागून आणले आणि त्याच्या साहाय्याने हृदयाच्या हालचालींची नोंद केली. आजच्या ‘इको’ तपासणीचे मूळ तेथे आहे. कानाला ऐकू न येणारे ध्वनी हृदयावर आदळून परततात आणि त्यांपासून चित्र तयार होते. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही, क्ष-किरणही वापरले जात नाहीत.

चित्र मिळाले, पण माप कोणते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथून झाला. या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. समजा, पैठण रस्त्यावरील बिडकीन येथील एखाद्या बालकाच्या छातीत ठोक्यांबरोबर वेगळा आवाज ऐकू आला आणि त्यास इकोसाठी शहरात पाठविले. फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद दिसली. परंतु अरुंद कोणाच्या तुलनेत? बाळाचे हृदय त्याच्या अंगाबरोबर वाढते. म्हणून उंची व वजनावरून शरीराचे क्षेत्रफळ काढून, तेवढ्याच अंगाच्या निरोगी बालकांशी तुलना करतात. या अंकास ‘झेड-स्कोअर’ म्हणतात. तो शून्याच्या जवळ असल्यास माप सरासरीइतके. उणे दोनच्या खाली गेल्यास वाहिनी लहान समजावी. निळ्या बाळाच्या ‘टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो’ या विकारात संपूर्ण दुरुस्ती लगेच करावी की आधी तात्पुरता मार्ग जोडून द्यावा, या निर्णयात अशा मापाचा मोठा वाटा असतो. एक-दोन मिलिमीटरची चूकही येथे महाग पडते.

सहकार्याची गरज

असा विश्वसनीय तक्ता एकट्या रुग्णालयास करता येणे कठीण. प्रत्येक वयाची आणि वजनाची पुरेशी बालके एका ठिकाणी मिळत नाहीत. उत्तर अमेरिकेतील १९ केंद्रांनी एकत्र येऊन तीन हजारांहून अधिक निरोगी मुलांची मापे घेतली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत वंशामुळे लक्षणीय फरक दिसला नाही. तथापि, आपल्याकडील कमी वजनाच्या बाळांना तोच मापदंड कितपत लागू पडतो, हे आपल्याच मुलांवरून पडताळणे इष्ट. अजमेर येथील डॉक्टरांनीही २०१७ मध्येच भारतीय मुलांच्या मापांवर आधारित तक्ता प्रसिद्ध केला.

अशा संशोधनात शिस्तीस फार महत्त्व असते. सर्व केंद्रांनी चित्र एकाच कोनातून, ठोक्याच्या एकाच क्षणी घ्यावे लागते. मोजणीची पद्धत एकच ठेवावी लागते, आणि काही चित्रे दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा मोजून घ्यावी लागतात. अन्यथा आढळलेला फरक बालकांतील आहे की मोजणाऱ्यांतील, हेच कळत नाही.

पालकांस व दात्यांस

पालकांनी इकोचे सर्व अहवाल तारखेनुसार जपून ठेवावेत आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी बाळाची उंची व वजन त्यांवर नोंदवून घ्यावे. फेरतपासणी चुकवू नये. संशोधनासाठी संमती मागितली गेल्यास प्रश्न विचारावेत. संमती नाकारली तरी उपचारांत उणीव राहता कामा नये, आणि दिली तर बालकाचे नाव गुप्त राहिले पाहिजे. दात्यांनीही ध्यानी घ्यावे, की केवळ यंत्र पुरेसे नाही. लहान बालकांसाठीचे प्रोब, प्रशिक्षित हात आणि वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदी यांवाचून त्याचा पुरता उपयोग होत नाही.

असा तक्ता मूलतः निरोगी मुलांच्या मापांवर उभा असतो. सुदृढ बालकाने तपासणीसाठी दिलेला अर्धा तास अनोळखी आजारी बालकाच्या उपयोगी पडतो. हेही एक दानच आहे.