टाकाऊ प्लॅस्टिकपासून उपयुक्त कच्चा माल

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डावा कालवा व उजनी जलाशय यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे, डाळिंबे व भाजीपाला पिकतो. त्यासाठी ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, शेततळ्याचे अस्तर व खतांची पोती शेतात येतात. त्यांमुळे पाण्याची बचत होते व तणही कमी होते. परंतु ह्या वस्तू निकामी झाल्यावर पुष्कळदा बांधावर पडून राहतात किंवा पाचटाबरोबर पेटविल्या जातात. जाळल्याने विषारी धूर निघतो, आणि कागदाचे तुकडे जमिनीत राहिले तर मुळांच्या वाढीस व पाणी मुरण्यास अडथळा होतो. वस्तुतः हा कचरा म्हणजे कारखान्याचा कच्चा माल होय.

पुनर्प्रक्रिया कशी होते?

प्लॅस्टिक बहुतांशी खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून बनते. साखळीत कड्या गुंफाव्यात त्याप्रमाणे लहान रेणू जोडून त्याचे लांब रेणू केलेले असतात. ही साखळी पुन्हा तोडणे म्हणजे रासायनिक पुनर्प्रक्रिया. तिच्या दोन प्रमुख रीती अशा :

(१) पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक (पेट) ग्लायकॉल या द्रवाबरोबर तापविले असता मूळ घटक मोकळे होतात व त्यांपासून नवा धागा काढता येतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील अवनखेड येथे पॉलिजेंटा कंपनीने याच रीतीने बाटल्यांपासून धागा तयार केला.

(२) ठिबकच्या नळ्या व कागद यांचे पॉलिथिन बंद भांड्यात, हवा न लागू देता, सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्याची वाफ थंड केली की तेल मिळते. ते इंधन म्हणून, किंवा शुद्ध करून नव्या प्लॅस्टिकसाठी वापरता येते.

या कामास मोठी यंत्रसामग्री व पुष्कळ उष्णता लागते. घरी पिंपात असा प्रयोग कदापि करू नये. आग व स्फोट यांचा धोका असतो. पॉलिथिन स्वच्छ व एकाच जातीचे असेल, तर ते वितळवून दाणे करणेच अधिक किफायतीचे ठरते.

वर्गवारी का करावी?

पी. व्ही. सी. पाईपमध्ये क्लोरीन असते. तो पॉलिथिनबरोबर तापविला गेल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघून यंत्रे गंजतात व तेल बिघडते. ओळखण्याची सोपी खूण अशी : स्वच्छ तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवून, आतील हवा काढून सोडावा. पॉलिथिन तरंगते, पी. व्ही. सी. व पेट तळाशी जातात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. पीक निघताच मल्चिंगचा कागद फाटण्यापूर्वी गोळा करावा. माती झटकून तो वाळवावा.

२. नळ्या, कागद, पोती, पाईप व बाटल्या यांचे निरनिराळे ढीग सावलीत ठेवावेत.

३. औषधांचे डबे तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे. डब्यांना भोके पाडून ते अगदी वेगळे ठेवावेत. घरी वापरू नयेत व भंगारात मिसळू नयेत. त्यांची विल्हेवाट लेबलावरील सूचनांप्रमाणे करावी.

४. प्लॅस्टिक कधीही जाळू नये.

एका शेतकऱ्याचा माल थोडा असतो, व तेवढ्यासाठी वाहन येणे परवडत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडून गावाचे एक संकलनस्थान व हंगामातील एक दिवस ठरवून घ्यावा. गावाचा माल एकत्र व निवडलेला असेल, तरच तो कारखान्यापर्यंत पोहोचेल आणि आपली जमीन स्वच्छ राहील.