महिलांचा संघ उभा कसा राहतो? : दोन प्रशिक्षिकांच्या कार्याचा अभ्यास

(बी. ए. भाग दोन)

खेळाच्या बातमीत खेळाडूचे नाव ठळक अक्षरांत येते आणि प्रशिक्षकाचे नाव बहुधा शेवटच्या ओळीत असते. प्रेक्षकांच्या दृष्टीने हे स्वाभाविकच आहे. परंतु महाविद्यालयीन संघाचा विचार करू लागलो की हा क्रम उलटा करावासा वाटतो. महाविद्यालयातील खेळाडू तीन, फार तर चार वर्षांचा पाहुणा असतो. खेळ अंगात मुरू लागतो न लागतो तोच त्याची पदवी पूर्ण होते आणि तो निघून जातो. मुलींच्या बाबतीत हा काळ पुष्कळदा त्याहूनही कमी भरतो. मग संघ म्हणून मागे काय उरते? मैदान उरते, कपाटातले चषक उरतात, आणि एखादा जाणता प्रशिक्षक असेल तर शिकवण्याची रीत उरते. ही रीत टिकली तर नव्या मुली येऊनही संघ जुनाच राहतो. ती नसेल तर प्रत्येक वर्षी पहिल्या पाढ्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रस्तुत लेखात दोन प्रशिक्षिकांचे कार्य या दृष्टीने पाहावयाचे आहे. एक अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पॅट समिट, आणि दुसऱ्या आपल्या महाराष्ट्रातील, नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षिका शैलजा जैन. खेळ वेगळे, देश वेगळे, परिस्थितीही वेगळी. पण दोघींनी मुलींचे संघ घडवले, आणि ते कसे घडवले हे आपल्यासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

पॅट समिट : अडतीस वर्षे एकाच मैदानावर

पॅट समिट यांचे माहेरचे नाव पॅट्रिशिया हेड. जन्म १४ जून १९५२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका कास्तकाराच्या घरी झाला. घरी दुभती जनावरे होती, तंबाखूचे पीक होते. तीन थोरल्या भावांच्या बरोबरीने गवताचे भारे उचलणे, धारा काढणे ही कामे तिच्या वाट्याला आली, आणि गवत साठवण्याच्या माळ्यावर लावलेल्या बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा खेळही त्यांच्याच बरोबर चाले. शाळेच्या वयात एक अडचण उभी राहिली. ज्या माध्यमिक शाळेत तिला जावे लागणार होते तेथे मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. तेव्हा आईवडिलांनी बिऱ्हाड हलवले आणि जेथे मुलींचा संघ होता अशा शेजारच्या भागात ते राहावयास गेले. पुढे भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. मुलींसाठी तशी सोय नव्हती म्हणून तिच्या महाविद्यालयाचा खर्च घरच्यांनीच सोसला.

१९७४ साली पदवी घेऊन ती टेनेसी विद्यापीठात आली ती पुढे शिकत शिकत संघाला मदत करण्यासाठी. पण आधीच्या प्रशिक्षिकेने जागा सोडली आणि अवघ्या बावीसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षकपद पॅटकडे आले. मानधन महिना २५० डॉलर. संघातील काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान होत्या. आदल्या वर्षीचे गणवेश गोड पदार्थ विकून जमवलेल्या पैशांतून आले होते. ते गणवेश धुण्याचे काम प्रशिक्षिकेचे, आणि सामन्याला जाताना गाडी हाकण्याचे कामही तिचेच. परगावी गेल्यावर प्रतिस्पर्धी संघाच्या व्यायामशाळेत अंथरुणे टाकून झोपण्याचे प्रसंगही आले. ७ डिसेंबर १९७४ रोजी खेळलेला पहिला सामना तिने ८३-८४ असा एका गुणाने गमावला.

या अवस्थेतून ती कोठवर पोचली? २०१२ साली तिने पद सोडले तेव्हा १०९८ सामने जिंकून झाले होते आणि २०८ हरून झाले होते. राष्ट्रीय अजिंक्यपद आठ वेळा मिळाले. १९९७-९८ च्या हंगामात तिच्या मुलींनी ३९ सामने खेळले आणि सर्व जिंकले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल प्रथमच समाविष्ट झाला. तेथे खेळाडू म्हणून रौप्यपदक, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाची प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक तिने मिळवले.

हे आकडे दिपवणारे आहेत खरे. पण अभ्यासकाने थांबावे असा आकडा दुसराच आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद तिला प्रथम मिळाले ते १९८७ साली, म्हणजे तेराव्या हंगामात. तोपर्यंत अंतिम फेरीपर्यंत पोचूनही ते हातून निसटले होते. बारा हंगाम रिकाम्या हाताने परतलेल्या प्रशिक्षिकेला विद्यापीठाने ठेवून घेतले आणि तिनेही तेथेच राहावयाचे ठरवले. झाड लावून दुसऱ्या वर्षी फळ मागणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

तिची रीत

समिट यांच्या शिस्तीची ख्याती मोठी होती. सराव चुकवणे त्यांना खपत नसे, आणि त्यांची शिस्त मैदानापुरती नव्हती. त्यांच्या खेळाडूंनी एकही तास बुडवावयाचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावयाचे, असा दंडक होता. खेळाडू म्हटला की तो शेवटच्या बाकावर किंवा वर्गाबाहेर, ही आपल्याकडची समजूत तिथे उलटी करून टाकलेली दिसते. परिणाम असा झाला की त्यांच्याकडे पात्रतेची सर्व वर्षे पूर्ण खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. सरावासाठी त्या विद्यापीठातील मुलांना समोर उभे करीत. उंच आणि ताकदवान मुलांविरुद्ध रोज खेळलेल्या मुलीला सामन्यातील प्रतिस्पर्धी अवघड वाटत नसे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. होली वॉरलिक ही १९७६ ते १९८० या काळातील त्यांची खेळाडू. ती पुढे अनेक वर्षे त्यांची सहायक राहिली. २०११ साली समिट यांना अल्झायमर हा स्मृतिनाशाचा आजार झाल्याचे जाहीर झाले, पुढच्या वर्षी त्या पायउतार झाल्या आणि वॉरलिक मुख्य प्रशिक्षक झाली. तिच्यानंतर २०१९ मध्ये आलेली केली हार्पर हीदेखील समिट यांचीच जुनी खेळाडू. अशा रीतीने २०२४ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे, तो संघ त्यांनी घडवलेल्या मुलींनीच सांभाळला. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी समिट यांचे निधन झाले. ज्या स्मरणशक्तीवर अडतीस वर्षांचे काम उभे होते तीच त्यांना शेवटी सोडून गेली. पण तोपर्यंत ते ज्ञान इतरांच्या हाती गेले होते.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कोणालाही वंचित ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय. 'टायटल नाईन' या नावाने तो ओळखला जातो. या कायद्यामुळे मुलींच्या खेळाला हळूहळू निधी आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. समिट यांच्या कष्टांना या कायद्याचा आधार मिळाला नसता तर संघ बहुधा गोड पदार्थ विकण्यापाशीच अडकून राहिला असता. व्यक्तीची चिकाटी आणि संस्थेचे पाठबळ ही एकाच गाडीची दोन चाके होत.

शैलजा जैन : नाशिकहून तेहरानपर्यंत

समिट यांना एकच विद्यापीठ आणि अडतीस वर्षे मिळाली. शैलजा जैन यांची कथा वेगळी आहे. त्यांनी नाशिकमध्ये अनेक दशके मुलींना कबड्डी शिकवली. बास्केटबॉलला २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असे पक्के मैदान आणि ३.०५ मीटर उंचीवर कडे लागते. महिलांच्या कबड्डीला १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागा पुरते. त्यामुळेच हा खेळ गावोगाव पोचला आणि त्यातल्या प्रशिक्षकांकडे फारसे कोणी पाहिलेही नाही.

साठीच्या उंबरठ्यावर त्यांना इराणच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. परका देश, परकी भाषा. त्यांनी फारसी शिकून घेतली. दिनक्रमात योगासने आणि प्राणायाम यांचा समावेश केला, कारण कबड्डीत श्वासावरचा ताबा हा अर्धा खेळ आहे. आणि २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने भारताला २७-२४ असे हरवले. आशियाई क्रीडास्पर्धेत महिला कबड्डी २०१० पासून सुरू झाली. २०१० आणि २०१४ ही दोन्ही सुवर्णपदके भारताची होती. तिसऱ्या वेळी मात्र सुवर्ण इराणकडे गेले, आणि ते नेणारी प्रशिक्षिका महाराष्ट्राची होती.

भारतीय संघाची जबाबदारी आपल्याला मिळाली नाही, ही खंत त्यांनी त्या वेळी बोलून दाखवली. आपल्या देशाचा संघ हरला याचे दुःख आणि आपले काम फळाला आले याचा आनंद, या दोन्ही भावना एकाच वेळी मनात बाळगणे सोपे नसावे. काहींनी तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवले. मला तसे वाटत नाही. शिक्षक ज्या वर्गात उभा असतो तेथील मुलांना तो मनापासून शिकवतो. प्रश्न विचारावयाचा तर असा विचारावा, की असा शिक्षक आपल्या वर्गात का नव्हता?

अर्थात इराणचा संघ शून्यातून उभा राहिला असे म्हणणेही बरोबर होणार नाही. २०१० मध्ये त्याला कांस्यपदक आणि २०१४ मध्ये रौप्यपदक मिळाले होते. २०१४ चा अंतिम सामना त्यांनी भारताविरुद्ध २१-३१ असा गमावला होता. दहा गुणांनी हरलेला संघ चार वर्षांनी तीन गुणांनी जिंकला. हे अंतर कापण्यात खेळाडूंचा वाटा आहेच, पण जैन यांनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे गोळा केलेल्या शिदोरीचाही वाटा आहे. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने सुवर्णपदक परत मिळवले. तेही चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ अशा एका गुणाच्या फरकाने. आपल्या मातीतला खेळ म्हणून जिंकणे आपोआप मिळेल, असे दिवस संपले हे यावरून दिसते.

आपल्यासाठी बोध

संस्था उभारण्याची परंपरा आपल्या विदर्भाला नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. एका आखाड्यातून सुरू झालेल्या कामाचे पुढे शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात रूपांतर झाले. म्हणजे जे टेनेसीत घडले त्याचे बीज आपल्या मातीतही रुजते.

मग मुलींच्या संघांचे काय? माझे गाव जाम. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा मोठा चौरस्ता, येथूनच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. रात्रंदिवस वाहने धावतात. पण शिकावयास जाणाऱ्या मुलीला सायंकाळची एसटी चुकली तर घरी काय सांगावे हा प्रश्न पडतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस आणि कापूस वेचणीचे दिवस बहुधा एकत्र येतात. घरात वेचणीला माणूस कमी असताना मुलगी मैदानावर का थांबली, याचे उत्तर तिला एकटीला द्यावे लागते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आईवडिलांना हे समजावून सांगणारे दुसरे कोणी घरात नसते, याचा मला अनुभव आहे. मुलींमध्ये गुण नाहीत म्हणून संघ होत नाहीत, असे मला मुळीच वाटत नाही. बहुतेक ठिकाणी स्पर्धेचे पत्रक आल्यावर पंधरा दिवस आधी अकरा-बारा मुली गोळा केल्या जातात आणि स्पर्धा संपली की त्या पांगतात. याला संघ निवडणे म्हणता येईल, संघ उभारणे म्हणता येणार नाही.

या अभ्यासातून काही गोष्टी सुचतात, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. पहिली, सराव वर्षभर व्हावा आणि त्याची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवलेली असावी. सकाळची गाडी आल्यापासून पहिल्या तासापर्यंतचा पाऊण तास रोज मिळाला तरी पुष्कळ आहे. दुसरी, द्वितीय वर्षाच्या प्रत्येक खेळाडूकडे प्रथम वर्षाची एक मुलगी सोपवावी, म्हणजे एकीने पदवी घेतली तरी तिचा खेळ मागे राहील. तिसरी, सरावाची नोंदवही असावी. आज कोण आले, काय शिकवले, कोणाचे काय चुकले, हे त्यात लिहिलेले असावे. प्रशिक्षक बदलला तरी वही राहते. चौथी, शारीरिक शिक्षणाच्या सरांनी किंवा मॅडमनी वर्षातून एकदा खेळाडूच्या घरी जाऊन यावे. ज्या घरात पॅटच्या आईवडिलांसारखी जाण अजून आलेली नाही तेथे एका भेटीने पुष्कळ फरक पडतो. आणि पाचवी, खेळणाऱ्या मुलींनी पहिल्या तीन रांगांत बसावे. खेळामुळे अभ्यास बुडतो या तक्रारीला याहून चांगले उत्तर नाही.

विद्यापीठाची 'कलर होल्डर' एखादीच होते. पण खेळलेली मुलगी उद्या शिक्षिका होईल, पोलीस होईल, कोणाची आई होईल, तेव्हा तिला सराव म्हणजे काय, हरून पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, हे ठाऊक असेल. तिच्या मुलीला मैदानावर जाण्यासाठी बिऱ्हाड हलवावे लागणार नाही, फक्त मैदानाकडे बोट दाखवावे लागेल. ते मैदान आणि तेथे वाट पाहणारा प्रशिक्षक या दोन गोष्टी तेवढ्या जागेवर असाव्यात, एवढीच अपेक्षा.