जेवणाच्या जागी कुत्रा

आमच्या वस्तीच्या नाक्यावर एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. दुपारी डबे न्यायला कामगारांची गर्दी, संध्याकाळी वडापाव. टपरीच्या मागच्या बाजूला तीन-चार कुत्री कायम बसलेली असतात. ती कोणी पाळलेली नाहीत, पण उरलेली पोळी त्यांनाच जाते, म्हणून ती तिथून हलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात सात वर्षांचा एक मुलगा हातात वडापाव घेऊन तिथून पळत निघाला. कुत्र्यानं वड्यावर झेप घेतली आणि दात मुलाच्या तळहाताला लागला. रक्त थोडंच आलं.

पुढे जे झालं ते सगळ्याच वस्त्यांत होतं. कुत्रा कोणाचा, त्याला खायला कोण घालतं, टपरी इथे लावायला कोणी सांगितली, यावर तासभर भांडण झालं. आजीनं जखमेवर हळद-चुना लावला. नळ चार पावलांवर होता, पण जखम धुवायचं कोणाला सुचलं नाही. मुलगा दवाखान्यात गेला तिसऱ्या दिवशी, तोही शाळेतल्या बाईंनी हाताला काय झालं म्हणून विचारलं तेव्हा. आज तो ठणठणीत आहे. पण तीन दिवस ते घर किती मोठ्या धोक्यात होतं, हे त्या घराला आजही नीट माहीत नाही. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे. त्याखाली २०११ साली परवाना आणि नोंदणीचे नियम आले. त्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. जिथे खाद्यपदार्थ तयार होतात, ठेवले जातात, विकले जातात, त्या जागेत जनावरं, पक्षी आणि पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत, अशी अट त्यात आहे. लहान गाडीवाल्याला किंवा घरगुती खानावळीला मोठ्या हॉटेलासारखा परवाना लागत नाही, साधी नोंदणी लागते. पण स्वच्छता त्यांनाही सुटलेली नाही. महाराष्ट्रात याची तपासणी अन्न व औषध प्रशासन करतं. म्हणजे टपरीवरच्या ताईंना कोणी 'कुत्री हाकला' म्हणालं, तर त्यात त्यांच्यावर राग काढण्यासारखं काही नाही.

आता शहरांत 'पेट फ्रेंडली' कॅफे निघाले आहेत. तिथे गिऱ्हाईक आपला कुत्रा घेऊन बसतं. वस्तीतली बरीच मुलं-मुली अशा ठिकाणी वेटर, हेल्पर म्हणून कामाला आहेत, त्यामुळे हा विषय फक्त साहेबलोकांचा राहिलेला नाही. कुत्र्यानं फरशीवर घाण केली तर पुसायला आपलाच पोरगा जातो आणि त्याच हातानं पुढच्या टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवतो. परदेशात ही पद्धत जुनी आहे आणि तिथे त्याचे नियमही ठरलेले आहेत. ब्रिटनमध्ये हॉटेलच्या बसण्याच्या भागात कुत्रा आणू द्यायचा की नाही हे मालक ठरवतो, पण स्वयंपाकघरात त्याला मज्जाव असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१५ पासून फक्त उघड्यावरच्या बैठकीत पाळीव कुत्र्याला परवानगी दिली. अटी वाचण्यासारख्या आहेत. कुत्र्यानं हॉटेलच्या आतून यायचं नाही, बाहेरच्या वाटेनंच यायचं. त्याला पट्ट्यानं धरून ठेवायचं किंवा पिशवी-पिंजऱ्यात ठेवायचं. खुर्चीवर, बाकावर बसवायचं नाही. त्याला पाणी-खाणं द्यायचं तर वापरून टाकून देण्याच्या भांड्यातच, माणसांच्या ताटात नाही. आणि अन्न हाताळणाऱ्या कामगारानं कामावर असताना कुत्र्याला हात लावायचा नाही.

ही शेवटची अट आपल्या मुलांनी पाठ करून ठेवावी. गिऱ्हाईक म्हणतं, 'अरे, हात लाव, काही करत नाही तो.' करत नसेल, पण तुमच्या हाताला त्याची लाळ आणि केस लागतात. हात लावलाच तर साबणानं धुतल्याशिवाय ताटाला लावायचा नाही. घाण उचलायला वेगळं फडकं, वेगळी बादली आणि हातमोजे मालकाकडून मागून घ्या. मागताना संकोच नको, ते आपल्या पगारातून आणायचं सामान नव्हे.

अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या शिकवलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत १९९० च्या आणि ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानं अशा कुत्र्यासह आलेल्या माणसाला हॉटेलवाला सहसा परत पाठवू शकत नाही. तो कुत्रा लाडाचा नसतो, त्या माणसाचे डोळे असतात. अशा कुत्र्याला मध्येच कुरवाळायचं नाही, खायला टाकायचं नाही, त्याचं लक्ष ढळतं.

'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी वाचली की आपल्यातल्या जुन्या माणसांच्या पोटात काहीतरी हलतं. ते उगीच नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं-कुत्री पाणी प्यायची आणि आपल्या माणसांना बंदी होती. ती बंदी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन मोडली. हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी असायची, ती आपणच विसळून ठेवायची, हे सांगणारी माणसं अजून आपल्या घरांत आहेत. संविधानाच्या पंधराव्या कलमानं हॉटेल, दुकान, पाणवठा सगळ्यांना खुला केला. ती बंदी जन्मावर होती, तिच्यात आरोग्य कुठेच नव्हतं. आजची कुत्र्याची पाटी लाळेवर आणि जंतावर आहे. दोन्हींची गल्लत करून 'आम्ही कुत्र्याला नाही म्हणणार नाही' असं एका तरुणानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. भावना चांगली आहे. पण भटारखान्याच्या दाराशी तिचा उपयोग नाही.

आता लाळेकडे येऊ. रेबीज एकदा अंगात दिसू लागला, म्हणजे पाण्याची भीती, गिळता न येणं, भ्रम सुरू झाला, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यानंतर लगेच उपचार केले तर तो जवळजवळ नेहमी टाळता येतो. इतका फरक दुसऱ्या फार थोड्या रोगांत असेल. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. म्हणून 'आठ दिवस झाले, काही झालं नाही' याला अर्थ नाही.

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, किंवा त्यानं अखंड कातडीवर चाटलं, तर नीट धुणं पुरतं, लस लागत नाही. कातडीला दात नुसता घासला, ओरखडा आला पण रक्त नाही, तर धुवायचं आणि लस घ्यायची. दात आत गेला, रक्त आलं, फुटलेल्या कातडीवर चाटलं, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर धुणं, लस आणि जखमेतच द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, तिन्ही लागतात. आमच्या नाक्यावरचा मुलगा या तिसऱ्या प्रकारात होता. 'थोडंच रक्त' हा शब्द इथे चालत नाही. आणि हात तर खास जपायचा, कारण बोटांत, तळव्यात शिरा दाट असतात.

धुणं म्हणजे वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं. घड्याळ लावूनच धुवा, कारण मूल रडत असताना दोन मिनिटं पंधरा वाटतात. नळाला पाणी नसेल तर हंड्यातलं पाणी तांब्यानं ओतत राहा. साधा कपड्याचा साबण चालतो. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी काही लावायचं नाही. त्यानं विषाणू मरत नाही, जखम मात्र चिडते. शक्यतो टाके घालू देऊ नका, घट्ट पट्टी बांधू नका. नंतर सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. पहिला दिवस शून्य धरतात, त्यामुळे तारखा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पोटात चौदा सुया ही गोष्ट आपल्या आजोबांच्या काळची, ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात देतात. गरोदर बाईलाही ही लस देतात आणि लसीच्या दिवसांत अंडी-मटण सोडायचं काही कारण नाही.

कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवा. पण त्यासाठी लस थांबवू नका. लस चालू करा. कुत्रा दहा दिवसांनी खाऊन-पिऊन धडधाकट असेल, तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील.

रेबीजला लोक घाबरतात, जंताला घाबरत नाहीत. कुत्र्याच्या विष्ठेतून गोल जंताची अंडी मातीत पडतात, तिथे काही आठवडे मुरली की लागण करणारी होतात. मुलं तिथेच गोट्या खेळतात आणि त्याच हातानं भजी खातात. ही अळी काळजात, क्वचित डोळ्यात जाऊन बसते. याहून कमी माहिती असलेला एक फीतकृमी आहे. शेळी-मेंढीच्या काळजात किंवा फोपशात कधी पाण्यानं भरलेले पांढरे फुगे दिसतात. ते त्या कृमीचे. मटणवाला ते कापून बाजूला टाकतो, नाहीतर घरी वजडी-काळीज साफ करताना आपण दाराशी बसलेल्या कुत्र्याला टाकतो. कुत्र्यानं ते कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात आणि विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती हातावर, पालेभाजीवर, पाण्यात येतात. माणसाच्या पोटात गेली की काळजात किंवा फुफ्फुसात तसाच फुगा हळूहळू वाढतो, वर्षानुवर्षं कळत नाही, आणि बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. माणसाला हे मटण खाऊन होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतून होतं. म्हणून मटण टाकू नका, फक्त तो फुगेवाला तुकडा कुत्र्याला टाकू नका. खोल पुरा किंवा जाळा, आणि तुमच्या मटणवाल्यालाही सांगा. पाळलेला कुत्रा असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याला जंताचं औषध वेळेवर द्या.

मग टपरीवरच्या ताईंनी काय करायचं? त्यांच्याशी मी यावर बसून बोललो. 'कुत्र्यांना उपाशी ठेवू का?' हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. उपाशी ठेवायचं नाही. पण खाणं टपरीपाशी द्यायचं नाही. भटक्या कुत्र्यांबद्दलचे केंद्र सरकारचे २०२३ चे नियम खायला घालायची जागा ठरवून घ्या म्हणतात, आणि ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी असंही म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्यात कुठेही न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावं, असं सांगितलं. ताईंनी आता रात्री धंदा संपल्यावर मैदानाच्या कोपऱ्यात पोळी टाकायला सुरुवात केली आहे. खरकट्याचा डबा झाकणाचा घेतला, पीठ आणि भाज्या जमिनीवरून फळीवर गेल्या. पहिले चार दिवस कुत्री टपरीमागे येऊन बसली, मग हळूहळू कमी झाली. कुत्र्यावर गरम पाणी, तेल फेकणारे लोकही असतात. तो गुन्हा आहे, आणि पोळलेला, दुखावलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लेकराला चावतो.

भोजनदानाच्या दिवशीही हेच. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराबाहेर पंगती उठतात आणि पत्रावळ्यांचा ढीग तिथेच राहतो. ढिगाभोवती कुत्री भांडतात आणि मुलं मधूनच धावतात. वाढणाऱ्यांत दोन जण फक्त पत्रावळ्या गोळा करायला ठेवा, मोठ्या पोत्यात भरून तोंड बांधा. खाताना मुलांना खाली बसवा. ताट हातात घेऊन चालणारं मूल कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं.

वस्तीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आणि लसीसाठी नगरपालिकेकडे अर्ज करता येतो. एकट्यानं तोंडी सांगण्यापेक्षा मंडळाच्या किंवा महिला बचत गटाच्या नावानं, सह्या घेऊन, लेखी द्या आणि पोच घ्या. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला कापल्याची खूण असते. आमच्या नाक्यावरच्या चारपैकी एकाच्या कानाला ती आहे, बाकी तिघांसाठी अर्ज दिला आहे. मुलगा अठ्ठाविसाव्या दिवसाच्या डोसाला गेला होता. त्या दिवशी त्याच्या आजीनं शेजारणीला दंडाची सुई दाखवत सांगितलं, 'बघ, पोटात नाही देत आता.'