वात्सल्य शब्द गोठ्यातला!

गाय व्याली की आधी काय करते? वासराला चाटते. चाटल्याने ओले वासरू कोरडे होते, त्याचे रक्त खेळू लागते. वासावरून गाय आपले पिल्लू ओळखते.

आपण पाडा, पाडी म्हणतो; संस्कृतात वासराला ‘वत्स’ म्हणतात. वत्सावर जीव लावणारी ती ‘वत्सला’ आणि तिची माया म्हणजे ‘वात्सल्य’. ‘वासरू’ शब्दही ‘वत्सरूप’ यावरूनच आला. वसुबारसेचे दुसरे नाव गोवत्सद्वादशी. त्या दिवशी गाय-वासराची जोडीने पूजा करतात.

आई आपल्या डोक्यावरून हात फिरवते, तेही वात्सल्यच. म्हणजे आईच्या मायेला नाव मिळाले ते गोठ्यातून! म्हणून घरी सांगा, गाय व्याली की वासरू लगेच दूर बांधू नका. आधी तिला मनसोक्त चाटू द्या.