हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे : दान की दाम?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग 2)

शुभेच्छापत्र ही वस्तू म्हटली तर अगदी क्षुल्लक. घडी घातलेला जाड कागद, त्यावर एखादे चित्र, आत दोन ओळी आणि खाली सही. दिवाळी सरली की चार दिवस ते कपाटावर राहते आणि पुढे रद्दीत जाते. परंतु याच क्षुल्लक वस्तूने गेल्या पाऊणशे वर्षांत कित्येक मुलांच्या दुधाची, औषधांची आणि शाळेची सोय केली आहे, कित्येक हातांना काम दिले आहे. हे कसे घडले, आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या सत्कार्यासाठी अशी पत्रे करायची झाल्यास ती कोणत्या रीतीने करावीत, याचा थोडा अभ्यास मी या लेखात मांडीत आहे.

थोडा पूर्वेतिहास

छापील शुभेच्छापत्राचा उगम साधारणपणे 1843 साली मानला जातो. लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सले या चित्रकाराकडून नाताळचे एक पत्र काढून घेतले. त्याच्या सुमारे 1000 प्रती छापल्या गेल्या आणि एकेक प्रत एक शिलिंगला विकली गेली. त्या काळी ही किंमत गरिबाला परवडणारी नव्हती. त्या चित्राच्या मधोमध मेजवानीला बसलेले एक कुटुंब आहे, आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देणारी माणसे आहेत. म्हणजे शुभेच्छा आणि परोपकार यांची सोयरीक पहिल्या पत्रापासूनच जुळलेली आहे.

आपल्याकडे 1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि दूरच्या आप्तांना चार शब्द लिहिणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पुढे संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे छापलेली कार्डे मराठी घरांतून जाऊ-येऊ लागली. तिळगूळ हातावर ठेवता येत नाही, तेव्हा निदान कार्ड तरी पोचावे, ही त्यामागची भावना. दिवाळीच्या कार्डांनी तर पोस्टमनची पिशवी फुगत असे. आज ही जागा मोबाइलने घेतली आहे. एकच चित्र एका क्षणात शंभर जणांना जाते आणि शंभर जणांकडून तेच आपल्याला परत येते! त्यामुळे छापील कार्डांचा बाजार ओसरला. परंतु हाताने केलेल्या पत्राचे मोल त्यामुळेच वाढले आहे, असे माझे मत आहे. कोणीतरी बसून, वेळ देऊन केलेली वस्तू आता दुर्मीळ झाली आहे.

कार्डातून मदत

शुभेच्छापत्रे विकून मदत उभारण्याचे सर्वांत मोठे उदाहरण युनिसेफचे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथ, उपाशी मुलांना या संस्थेने अन्न व औषधे पुरविली. चेकोस्लोव्हाकियातील यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीने कृतज्ञता म्हणून एक चित्र काढले. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगविले. एका खांबाभोवती फेर धरून नाचणारी मुले असे ते चित्र. त्यावरूनच 1949 साली युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले. मदत घेणाऱ्या मुलीच्या हातचे चित्र पुढच्या मुलांसाठी मदत उभी करू लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आपल्या मुंबईत 1979 साली रिपन कपूर या विमानसेवेत काम करणाऱ्या तरुणाने आपल्या सहा मित्रांसह 50 रुपये जमवून ‘क्राय’ ही संस्था काढली. घरातील जेवणाचे टेबल हेच त्यांचे कार्यालय. वंचित मुलांसाठी पैसा उभारण्याचा त्यांचा मुख्य मार्ग म्हणजे शुभेच्छापत्रे. कपूर 1994 साली तरुण वयातच गेले. परंतु त्यांच्या पत्रांमुळे मध्यमवर्गीय घराला एक सवय लागली : कार्ड घ्यायचेच आहे, तर ज्यातून कोणाचे भले होईल असे घ्यावे.

दान की दाम?

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. असे पत्र घेणारा माणूस चित्र विकत घेतो की दया विकत घेतो? आपण सत्कार्यासाठी कार्डे केली, ती वेडीवाकडी झाली, तरी लोक ‘चांगल्या कामासाठी आहे’ म्हणून पैसे देतील. मग ती नीट करण्याची गरज काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या विदर्भातच मिळते. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहू लागले. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, ही बाबांची भूमिका होती. सुरुवातीस तेथे पिकलेली भाजी घ्यायला वरोऱ्याचे लोक कचरत. पुढे हळूहळू भीती गेली आणि भाजी, दूध यांना गिऱ्हाईक मिळू लागले. गिऱ्हाईकाने पैसे मोजून भाजी पिशवीत टाकली, त्या क्षणी समाजाने त्या माणसाला पुन्हा आपल्यात घेतले. हे काम भिक्षेने झाले नसते. याच आनंदवनात कुष्ठमुक्त आणि अपंग माणसे जे अनेक उद्योग करतात, त्यांत शुभेच्छापत्रे करण्याचा उद्योगही आहे. ज्या बोटांकडे पाहून लोक तोंड फिरवीत, त्या हातांनी केलेले पत्र आज दुसऱ्याच्या घरी आनंदाचा निरोप घेऊन जाते.

परदेशातील एक उदाहरण याच विचाराचे आहे. एरिक श्टेगमान या जर्मन चित्रकाराचे हात बालपणी पोलिओने निकामी झाले होते. तो तोंडात कुंचला धरून चित्रे काढी. त्याने 1950 च्या दशकात तोंडाने व पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची संघटना बांधली. त्यांच्या चित्रांची कार्डे व दिनदर्शिका विकल्या जातात आणि कलावंतांना नियमित उत्पन्न मिळते. आम्हाला दान नको, आमच्या कामाचा दाम द्या, हीच त्यांची मागणी.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी वर्गात कळले होते. खेड्यातून येणारी आमची एक मैत्रीण. कापसाचे पीक हातचे गेले, त्या वर्षी तिची परीक्षा फी अडली. साहाय्य निधीसाठी अर्ज कर, असे आम्ही पुष्कळ सांगितले, पण ती ऐकेना. संक्रांतीच्या कार्डांचे काम निघाले तेव्हा मात्र ती सर्वांच्या आधी येऊन बसली. तिच्या आईच्या हातची रांगोळी तिने ठिपक्यांसकट कार्डावर उतरविली. शेवटी कामाचे पैसे हातात पडले तेव्हा तिने ते दोनदा मोजले आणि म्हणाली, “हे घ्यायला मला लाज वाटत नाही.” या एका वाक्यावर मी बराच विचार केला आहे.

आपल्या जिल्ह्यातील साहित्य

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कागद हा पहिला विषय. हातकागद हा चिंध्यांपासून, म्हणजे कापसाच्याच धाग्यांपासून होतो. चिंध्या बारीक कापून, कुटून त्यांचा लगदा करतात. तो पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर उचलतात, कापडावर उलटवितात, दाबतात आणि वाळवितात. लाकडाच्या लगद्यापेक्षा हा कागद टिकाऊ, आणि लवकर पिवळा पडत नाही. पुण्यात 1940 पासून हातकागद संस्था हे काम करीत आली आहे. वऱ्हाड तर कापसाचेच माहेर. कापूस पिकविणाऱ्या मुलखाने कापसाच्या कागदावर शुभेच्छा लिहाव्यात, यात औचित्य आहे.

हातकागदाचा 22 × 30 इंचांचा ताव घेतला तर त्यातून 7 × 10 इंचांचे नऊ तुकडे निघतात. मध्ये घडी घातली की 5 × 7 इंचांची नऊ पत्रे झाली. उरलेल्या इंचभर पट्टीच्या वाचनखुणा होतात. जाड कागद एका दिशेने सहज वाकतो व दुसऱ्या दिशेने मोडतो, म्हणून आधी एक तुकडा वाकवून पाहावा. घडीच्या जागी पट्टी धरून बोथट सुईने रेघ ओढली की घडी स्वच्छ येते.

पिंपळाचे पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजू द्यावे व अधूनमधून पाणी बदलावे. मग मऊ कुंचल्याने त्याचा गर अलगद काढला की शिरांची जाळी तेवढी उरते. ती वहीत दाबून वाळविली की त्यावर बारीक चित्र काढता येते. भेंडी आडवी चिरून रंगात बुडविली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. बटाट्यावर कोरलेला ठसा दीड-दोनशे कार्डांना पुरतो. पळसाच्या फुलांचा केशरी, सागाच्या कोवळ्या पानांचा लाल आणि दिव्याच्या काजळीचा काळा, हे रंग तर फुकटचे. हळदीचा पिवळा मात्र उन्हाने उडतो, म्हणून तो जपून वापरावा. चिकटविण्यासाठी मैद्याची खळ चांगली. तिला कसर लागू नये म्हणून बाइंडर तीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुणे विसरू नये.

साधे साहित्य म्हणजे कमी दर्जाची कला, असे कोणी समजू नये. नंदलाल बोस यांनी 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी ग्रामजीवनाची चित्रे हातकागदावरच रंगविली होती. आपल्या शिष्यांना व स्नेह्यांना ते साध्या पोस्टकार्डांवर चित्रे काढून पाठवीत.

विषयांसाठी तर दूर जायलाच नको. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. 12 जानेवारीची जयंती आणि दोन-तीन दिवसांनी संक्रांत, असा योग दरवर्षी येतो. लोणारचे उल्कापाती सरोवर 2020 साली गुलाबी झाले होते, ते रंगांत धरण्यासारखे आहे. तेथील दैत्यसूदन मंदिराच्या भिंतीवरील नक्षी रेखाचित्राला उत्तम. पोळ्याचा सजविलेला बैल, सातपुड्याची निळी रेघ, वेचणीला आलेली पराटी ही चित्रे बाजारातल्या कार्डावर मिळत नाहीत. बाहेरगावी नोकरीला गेलेला आपल्याकडील माणूस असे पत्र पाहील तेव्हा तो दया म्हणून नव्हे, तर आपले गाव म्हणून ते घेईल.

हिशेब चोख हवा

सत्कार्यात हिशेब विचारणे काहींना अप्रशस्त वाटते. मला उलट वाटते. समजा, एका पत्राची किंमत 20 रुपये ठेवली. त्यांत कागद 4, पाकीट 2, रंग व खळ 1, करणाऱ्याची मजुरी 6 आणि वाया गेलेला माल व किरकोळ खर्च 2, असे 15 रुपये गेले. मूळ कार्यासाठी उरले 5. म्हणजे शंभर पत्रांमागे 500 रुपये. पत्राच्या पाठीमागे ‘यातील 5 रुपये अमुक कामासाठी’ असे स्वच्छ लिहावे. ‘सर्व उत्पन्न सत्कार्यासाठी’ असे मोघम लिहिणे म्हणजे गिऱ्हाईकाची फसवणूक होय. मजुरीचे 6 रुपये कापून ते कार्यात घालण्याचा मोह होतो. ज्यांना गरज नाही त्यांनी आपली मजुरी खुशाल सोडावी. परंतु जो गरजेपोटी काम करतो त्याच्याकडून फुकट काम घेऊन दुसऱ्या गरजूला मदत करणे, हा न्याय नव्हे.

समारोप

या सर्व विवेचनातून मला तीन गोष्टी पटल्या आहेत. पत्र असे व्हावे की त्यामागचे कारण न सांगताही ते विकले जाईल. करणाऱ्याला त्याचा दाम मिळावा. आणि उरलेल्या पैशाचा हिशेब घेणाऱ्यासमोर उघडा असावा. या तिन्ही गोष्टी जमल्या तर देणारा मोठा व घेणारा लहान, हा भेद उरत नाही. आपल्या महाविद्यालयात चित्र काढणारे हात आहेत, सुंदर अक्षराचे हात आहेत, आणि पैशाअभावी शिक्षण थांबेल की काय या काळजीत असलेलेही हात आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेने व चित्रकलेची आवड असलेल्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या दिवाळीपूर्वी हे सर्व हात एका टेबलाभोवती येऊ शकतील. पिंपळपाने मात्र महिनाभर आधीच भिजत घालावी लागतील!