सीडी-४ चांगला आहे, मग गोळ्या कशाला?

‘डॉक्टर, माझा सीडी-४ साडेसहाशे आहे, त्रास काही नाही. मग गोळ्या आत्ताच कशाला?’ एचआयव्हीचं निदान नुकतंच झालेले बरेच रुग्ण हे विचारतात, आणि शंका रास्त आहे. निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या मदतनीस पेशी, असतात. साडेसहाशे वाईट नाहीच. पण तेवढा आकडा राखताना शरीराची किती ओढाताण होते, ते रिपोर्टवर दिसत नाही.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विषाणू बेसुमार वाढतो. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशी तर तेव्हाच मोठ्या संख्येने मरतात. मग सीडी-८ या मारक टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून नष्ट करू लागतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, उतरतं, पण शून्य होत नाही. माणूस मात्र पुढे कित्येक वर्षं ठणठणीत दिसतो.

या काळात विषाणू रूप पालटत राहतो. मारक पेशी ज्या खुणेवरून त्याला ओळखतात, ती खूणच बदलते. वर्षानुवर्षं विषाणूशी झुंजून या पेशींची मारण्याची ताकदही ओसरते, आणि त्यांना बळ देणाऱ्या सीडी-४ पेशी तर घटतच असतात. उपचार नसतील तर बहुतेकांना साधारण आठ-दहा वर्षांत एड्स गाठतो. शंभरात एकाहूनही कमी जणांचं शरीर औषधाविना विषाणू दाबून धरतं. आपण त्यांतले असू, या आशेवर कृपा करून थांबू नका.

२०१५ साली ‘स्टार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीडी-४ पाचशेच्या वर असतानाच उपचार घेतलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यूंचं प्रमाण उपचार लांबवलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळलं. भारतात २०१७पासून, सीडी-४ कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला सरकारी केंद्रात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, मोफत मिळते.

आकडा सुधारला म्हणून गोळ्या सोडणं तितकंच घातक. काही सीडी-४ पेशींत विषाणू निपचित दडलेला असतो, तिथे औषध त्याला मारू शकत नाही. गोळ्या थांबल्या की बहुधा काही आठवड्यांतच तो रक्तात परत वाढतो.

सुरुवातीला मळमळ होत असेल, कामासाठी गाव बदलत असाल, घरच्यांना कळेल म्हणून डोस चुकत असेल, तर एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला मोकळेपणाने सांगा. दुसऱ्या गावच्या केंद्रात नाव हलवता येतं. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. गोळ्या सुरू केल्यावर सहा महिन्यांनी होणारी व्हायरल लोडची तपासणी तेवढी चुकवू नका.