नेतृत्व आणि गटबांधणी : पुरंदरच्या पाणी पंचायतीचा धडा

कोणत्याही तालुक्यात अशी दोन गावे दाखविता येतात, की ज्यांचे पर्जन्यमान सारखे, जमीन सारखी आणि लाभलेल्या शासकीय योजनाही त्याच. परंतु एका गावातील काम तडीस जाते आणि दुसऱ्यातील अर्ध्यावर राहते. कार्यालये आणि शाळा यांचेही असेच आहे. कारण विचारले असता उत्तर बहुधा ठरलेले असते : "तेथे माणूस चांगला मिळाला." हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या चांगल्या माणसाने नेमके काय केले, हे कळल्याखेरीज ग्रामपंचायत सदस्यास, मुख्याध्यापकास किंवा कार्यालयप्रमुखास या उत्तराचा काही उपयोग नाही. भाग्याने माणूस मिळेल तेव्हा मिळेल, तोपर्यंत वाट पाहावी, एवढाच त्यातून बोध निघतो.

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत ओलांडले की दौंड तालुक्यातील भांडगाव लागते. या तालुक्याला भीमेचा काठ लाभला आहे, मुठेचा उजवा कालवाही तालुक्यातून जातो. त्यामुळे दौंड म्हटले की उसाचे फड आणि गुऱ्हाळे डोळ्यांपुढे येतात. मात्र महामार्गाच्या दक्षिणेस भुलेश्वराची डोंगररांग उभी आहे आणि तिच्या पलीकडे पुरंदर तालुक्याचा अवर्षणप्रवण भाग सुरू होतो. पाण्यासाठी माणसे भांडतात, हे अलीकडच्यांना आणि पलीकडच्यांना सारखेच ठाऊक आहे. पाण्यासाठी माणसे एकत्र कशी आली, याचे उदाहरण मात्र डोंगरापलीकडच्या नायगावात सापडते. गटबांधणीचा विचार पुस्तकातून करण्याऐवजी तेथून करणे अधिक फलदायी ठरेल.

वाटा आधी ठरला

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. पुण्यात मोजमापाची उपकरणे बनविणारा कारखाना चालविणारे अभियंते श्री. विलासराव साळुंखे त्या काळात पुरंदर तालुक्यात आले. दुष्काळ सरल्यावर या खडीतून शेतकऱ्याच्या हाती काय उरणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १९७४ साली त्यांनी नायगाव येथील देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. उतारावर बांधबंदिस्ती केली, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगास विहीर घेऊन तिचे पाणी उचलून पुन्हा वर शेतास दिले. पडणारे पाणी अडविले तर उजाड माळावरही पीक उभे राहते, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या पत्नी श्रीमती कल्पनाताई साळुंखे याही या कामात सहभागी होत्या. पुढे ग्राम गौरव प्रतिष्ठान या संस्थेमार्फत हेच काम गावोगावच्या गटांपर्यंत नेण्यात आले आणि ते 'पाणी पंचायत' या नावाने प्रसिद्धीस आले.

येथवरची कथा एका कर्तबगार गृहस्थाची आहे. खरा प्रश्न यानंतरचा. एका माणसाच्या शेतावर जे साधले ते पन्नास कुटुंबांनी मिळून करावयाचे, तर त्यांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट कोणती?

पाणी पंचायतीने ती गोष्ट नियमांत शोधली. योजना एकट्याची नसेल, गटाचीच असेल. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात दिले जाईल : दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. ऊस, केळी यांसारखी अधिक पाणी पिणारी पिके घेता येणार नाहीत. भूमिहीन कुटुंबासही पाण्याचा वाटा असेल. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा. उरलेल्यात निम्मा खर्च शासकीय अनुदानातून आणि शिल्लक प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून, असे सर्वसाधारण गणित होते.

या नियमांचा अर्थ आकड्यांत पाहावा. चार माणसांच्या कुटुंबाकडे वीस एकर जमीन असली तरी त्यास दोन एकरांचेच पाणी मिळणार. पाच माणसांच्या कुटुंबाकडे तीनच एकर असली तर त्यांतील अडीच एकर भिजणार. आठ माणसांच्या कुटुंबासही अडीच एकरांचीच मर्यादा. भूमिहीन मजुरास आपल्या वाट्याचे पाणी घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने कसता येणार. म्हणजे ज्याच्याकडे केवळ मजुरीचे हात होते, त्याच्या हाती बोलणी करण्याजोगे काही आले. मोठ्या शेतकऱ्यास हे रुचले असेल असे मानण्याचे कारण नाही. पण आपला वाटा किती, शेजाऱ्याचा किती आणि तो तितकाच का, हे प्रत्येकास बोटांवर मोजून सांगता येत होते. संशयास जागा राहिली नाही, हे या नियमांचे मोठे बळ होते.

कार्यालयात किंवा शाळेत पाणी वाटावयाचे नसते. तेथे कामाचे आणि श्रेयाचे वाटप असते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घ्या. दरवर्षी त्याच दोन उत्साही शिक्षकांवर सारा भार पडतो, बाकीचे प्रेक्षक होतात आणि तिसऱ्या वर्षी ते दोघेही थकतात. मुख्याध्यापक मग सहकार्याच्या अभावाबद्दल खेद व्यक्त करतात. कामाचे वाटप सर्वांसमक्ष झाले, कोणाकडे काय आणि केव्हापर्यंत हे शिक्षक खोलीतील फळ्यावर लिहिले गेले, तर निम्मा खेद वाचेल. प्रेरणा देणे म्हणजे भाषण करणे, असा आपल्याकडे एक समज आहे. मात्र आपल्यावर अन्याय होत नाही याची खात्री पटली, की सामान्य माणूस बराचसा स्वतःहून कामास लागतो.

पाटकऱ्याचे स्थान

गटाच्या दैनंदिन कारभारासाठी गटप्रमुख असे आणि पाणी सोडण्यासाठी पाटकरी. ठरलेल्या पाळीप्रमाणे ज्याचे त्याला पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम. ही व्यवस्था महाराष्ट्रास नवीन नव्हे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी चालत आलेल्या फड पद्धतीतही पाटकरी आणि जागल्या हे गावाने नेमलेले आणि गावास जबाबदार असलेले सेवक होते.

येथे थोडे विषयांतर करून एक कबुली द्यावीशी वाटते. आम्ही माहिती खात्यातील माणसे छायाचित्रे घेतो ती फीत कापणाऱ्या हाताची आणि हार घातलेल्या गळ्याची. पाटकऱ्याचे छायाचित्र सहसा छापले जात नाही. त्यामुळे नेतृत्व म्हणजे पुढे उभा असलेला एक माणूस, ही समजूत दृढ होण्यास आमचाही हातभार लागला आहे. वास्तविक ज्या दिवशी पाटकरी गटप्रमुखाच्या चुलत्याच्या शेतात पाळी नसताना पाणी सोडील, त्या दिवशी गट मोडावयास आरंभ होतो. गटप्रमुखाची परीक्षा सभेत होत नाही. ती अशा वेळी होते. त्याने चुलत्याचे पाणी बंद केले तर पुढील अनेक पाळ्या सुरळीत जातात. त्याने डोळेझाक केली तर उरलेली सर्व कुटुंबे आपापले मार्ग शोधू लागतात.

सामुदायिक साधनांची व्यवस्था लोक स्वतः कशी चालवितात, याचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ टिकलेल्या गटांत त्यांना काही समान गोष्टी आढळल्या : नियम ठरविण्यात नियम पाळणाऱ्यांचा सहभाग असतो, देखरेख करणारा गटास उत्तरदायी असतो, पहिल्या चुकीस सौम्य आणि वारंवार होणाऱ्या चुकीस कठोर शिक्षा असते, आणि तंटा जवळच्या जवळ, थोडक्या खर्चात मिटविण्याची सोय असते. यांतील शिक्षेचा मुद्दा कार्यालयप्रमुखांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे प्रारंभी काहीच बोलायचे नाही आणि एके दिवशी थेट कारणे दाखवा नोटीस बजावायची, असा प्रकार वरचेवर घडतो. मधल्या पायऱ्या, म्हणजे एकांतात दिलेली समज, कामात केलेली मदत, पुन्हा एकदा करून दिलेली आठवण, या गाळल्या जातात.

सहा गठ्ठ्यांची पद्धत

शेतीच्या गटास लागू पडणारी गोष्ट सरकारी टेबलास लागू पडेल काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर भीमेच्या पलीकडे, नगर जिल्ह्यात मिळते. १९८० नंतरच्या काही वर्षांत अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची पुनर्रचना केली. ती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखली गेली. तिच्यातील कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला भाग म्हणजे सहा गठ्ठे. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडील कागद सहा भागांत लावावयाचे : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद.

वरवर पाहता ही दप्तर लावण्याची रीत आहे. परंतु तिचा परिणाम माणसांवर होतो. एका तालुक्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाने एका वृद्ध शेतकऱ्यास तीन वेळा परत जाताना पाहिले आहे. संबंधित लिपिक रजेवर होता आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती. शेजारच्या टेबलावरील लिपिकाची मदत करण्याची इच्छा नव्हती असे नाही. कागद कोठे आहे हेच त्यास ठाऊक नव्हते. सहकार्यासाठी आधी एकमेकांचे काम दिसावे लागते. गठ्ठे लावलेले असले म्हणजे वरिष्ठास दहा मिनिटांत कामाचा भार कळतो, कोणावर तो अधिक आहे हेही कळते, आणि रजेवरील माणसाचा कागद दुसऱ्यास हाती घेता येतो.

अर्थात पद्धत आली म्हणजे गट आला, असे नव्हे. तपासणीच्या आदल्या रात्री गठ्ठ्यांना नव्या चिठ्ठ्या लावणारी कार्यालये आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ज्या कार्यालयाचा प्रमुख स्वतःच्या टेबलावरील कागद तुंबू देतो, तेथे चिठ्ठ्यांचा रंग तेवढा बदलतो.

माणूस गेल्यावर

श्री. साळुंखे यांचे २००२ साली निधन झाले. पाणी पंचायतीच्या साऱ्याच योजना टिकल्या असे नाही. काही गट वर्षानुवर्षे चालले, काही बंद पडले. उपसा योजनेस वीज लागते, पंप नादुरुस्त होतो, वर्गणी थकते, पाऊस हुलकावणी देतो. या अडचणी येणारच असतात. त्या आल्या असता बैठक कोण बोलावील आणि थकबाकी कोण मागील, हे ज्या गटात ठरलेले नसते तो गट प्रथम विस्कटतो. एकाच माणसाच्या शब्दावर चाललेल्या गटाची स्थिती त्याच्या पश्चात अधिकच अवघड होते.

शासकीय सेवेत तर नेता जाणार हे आधीच ठाऊक असते. २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. शिक्षण हक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण मूल शाळेतून बाहेर पडले की पालकही समितीतून बाहेर पडतो. तेव्हा पहिल्या वर्षातच प्रत्येक कामास दुसरा माणूस तयार करणे अगत्याचे आहे. नळाची पाळी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर आणखी एकाने महिनाभर फिरावे. ग्रामसभेचा वृत्तांत सदस्यांनी आळीपाळीने लिहावा. बैठकीत सरपंचांनी किंवा कार्यालयप्रमुखांनी आपले मत शेवटी सांगावे. ते आधी सांगितले गेले, की इतरांची मते बहुधा त्याच दिशेने वळतात.

बदलीच्या वेळी कार्यभार सुपूर्द करताना रोकड, किल्ल्या, खुर्च्या, कपाटे आणि संचिका यांची यादी होते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंच्या स्वाक्षऱ्या होतात. त्या यादीस आणखी एक पान जोडण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही : कोणता कर्मचारी कोणत्या कामात निष्णात आहे, कोणास कोणते काम नव्याने शिकविले जात आहे, आणि बैठकीत ठरलेली कोणती गोष्ट अद्याप व्हावयाची आहे. हे पान नव्या अधिकाऱ्यास देण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना वाचून दाखवावे आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या त्याच ठिकाणी करून घ्याव्यात.